हॅरीची मावशी

सुट्टी लागली, की एक तक्रार हमखास कानावर येते. "आमचा मुलगा त्या जादूच्या जाडजूड पुस्तकांत डोकं खुपसून बसतो हो, जेवायला हाक मारली तरी उठत नाही!" त्यातून 'हॅरी पॉटर'चं नाव निघालं, की काही जणी नाकच मुरडतात. झाडूवर बसून उडणारी मुलं, मंत्र-तंत्र, चेटक्या! यातून मुलांनी घ्यायचं तरी काय?

माझं मत विचाराल, तर या पुस्तकांतली जादू ही भाजीवर पेरलेली कोथिंबीर आहे. दिसते छान, पण पोट भरतं ते खालच्या भाजीनं. आणि ती भाजी आपल्या चांगली ओळखीची आहे. आईवेगळ्या पोराला कोण जवळ करतं आणि कसं, याची ही गोष्ट आहे.

जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेची ही सात पुस्तकं. पहिलं १९९७ साली आलं, सातवं २००७ साली. पहिल्याचं मराठी भाषांतर 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं मिळतं. १९९० मध्ये त्यांना ही गोष्ट सुचली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची आई वारली. पहिल्या पुस्तकात एक आरसा आहे. मनात खोलवर जे हवं असतं, ते त्यात दिसतं. हॅरीला त्यात दिसतात ते त्याचे गेलेले आईबाबा. हे कोणी नुसत्या कल्पनेनं लिहिलेलं नाही, असं वाचताना वाटत राहतं.

वर्षाच्या हॅरीला रात्री ज्या दारात ठेवून जातात, ते त्याच्या सख्ख्या मावशीचं दार. ही मावशी त्याला जिन्याखालच्या अडगळीत झोपवते आणि स्वतःच्या मुलाचे जुने, ढगळ कपडे घालायला देते.

आता सांगते, हे पुस्तक मला इतकं का लागलं. माझी धाकटी बहीण गेली, तेव्हा तिचा मुलगा नऊ वर्षांचा होता. तो आमच्याकडेच राहायला आला. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "माय मरो पण मावशी जगो." मला धीर द्यायलाच म्हणायच्या बिचाऱ्या. पण म्हणीतले पहिले दोन शब्द पोराच्या कानावर पडू नयेत, म्हणून मी त्याला काहीतरी आणायला वाण्याकडे पिटाळायची.

वर्षभरानं त्याच्या हाती हे पुस्तक आलं. एका रात्री मी ओटा आवरत होते. तो दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, हॅरीची मावशी अशी का गं वागते? त्याची आई तिची सख्खी बहीण होती ना?" वर्षभरात आईविषयी एक अक्षर त्यानं काढलं नव्हतं. मी काही बोलणार, एवढ्यात पुढचा प्रश्न आला, "तू आणि आई भांडायचात?"

"भांडायचो की! एका लाल रिबिनीवरून चार दिवस अबोला होता," मी सांगितलं. तो हसला. आणि मग जो रडायला लागला, तो थांबेचना. त्याला जवळ घेऊन मी तिथंच फरशीवर बसले. जे आम्हा मोठ्यांना वर्षभर साधलं नव्हतं, ते त्या गोष्टीतल्या दुष्ट मावशीनं साधलं.

पुढची पुस्तकं आम्ही दोघांनी मिळून वाचली. पाचव्यात कळतं, की मावशीनं कुरकुरत का होईना, घरात घेतलं, म्हणूनच हॅरीचा जीव वाचला. सातव्यात कळतं, की बहिणीसारखं आपल्यालाही जादूच्या शाळेत घ्या, असं पत्र लहानपणी तिनंही पाठवलं होतं. नकार आला आणि मनात अढी बसली. बहिणीबहिणींतली ही असूया आपल्याला का नवी आहे?

आणि तिच्यासमोर उभी आहे ती मिसेस वीझली. सात मुलं, पैशाची ओढाताण, थोरल्याचे कपडे धाकट्याला. पण स्टेशनवर एकदाच भेटलेल्या या पोरासाठी नाताळात तिचा हातानं विणलेला स्वेटर येतो. मावशीकडून येतं एक नाणं! नातं रक्ताचं की मायेचं, हे मुलांना याहून सोपं करून कोण सांगणार?

सगळंच काही मला आवडतं असं नाही हं. मावशीच्या मुलाच्या लठ्ठपणाची वारंवार केलेली चेष्टा मला खटकते. आपल्या घरात गुबगुबीत मूल असेल, तर त्यावर जरूर बोला. दुसरं म्हणजे, चौथ्या पुस्तकाच्या शेवटी एका मुलाचा खून होतो आणि तिथून गोष्ट अंधारत जाते. तेव्हा पहिली तीन नऊ-दहाव्या वर्षी चालतील. पुढची मात्र थोडी थांबून आणि आधी स्वतः चाळून द्या.

वाचून झाल्यावर "काय शिकलास?" असं मुळीच विचारू नका. "यातलं कोण तुला आवडलं नाही?" असं विचारा. आणि उत्तर ऐकताना हातातलं काम तेवढं खाली ठेवा.