तीन घड्यांची पिशवी

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. उन्हाळी सुट्टीच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला मी त्याच्याकडे होते, तेव्हा तो आम्हाला बाउंड्री वॉटर्सला घेऊन गेला. मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून हजारावर तळ्यांचे हे रान आहे. बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला बंदी. कनू वल्हवतच जायचे. एक तळे संपले की कनू डोक्यावर, सामान पाठीवर घेऊन पायवाटेने पुढचे तळे गाठायचे. या वाटेला पोर्टेज म्हणतात. तिची लांबी रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूएवढा.

तेव्हा इथल्या पिशवीला पाणीही सोसायचे असते आणि ती खांद्यालाही सोसवायला हवी. डुलुथ शहरातल्या कामील प्वारिए याने १८८२ साली पेटंट घेतलेली कॅनव्हासची पिशवी लोक अजून वापरतात. तिला सांगाडा नसतो, म्हणून ती कनूच्या तळाशी नीट बसते. पण कॅनव्हास शेवटी भिजतेच, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घालतात. मला हसूच आले. पावसाळ्यात तरीतून शाळेला जाताना अब्बा आमच्या दप्तरात खताची धुतलेली पिशवी घालायचे, अगदी तशीच!

भावाकडे पीव्हीसीच्या पिशव्याही होत्या. त्यांना चेन नसते, तोंड गुंडाळून बकल लावायचे. नऊ वर्षांच्या भाच्याची स्लीपिंग बॅग मीच भरली. पिशवी इतकी ठासली की तोंडाला जेमतेम एक घडी बसली. दुसऱ्या दिवशी काठाला उतरताना कनू कलंडली. पाणी गुडघाभर, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर, अल्लाहच्या कृपेने कुणाला काही झाले नाही. बाकीच्या पिशव्या तरंगत राहिल्या. मी भरलेली तेवढी पाणी प्यायली.

रात्री तोंडातून वाफ निघावी अशी थंडी. "फुफू, हे सगळं ओलं आहे," भाचा म्हणाला. भावाने आपली स्लीपिंग बॅग त्याला दिली आणि स्वतः शेकोटीपाशी बसून रात्र काढली. मला एका शब्दाने बोलला नाही. तेच जास्त लागले.

आता आपल्याकडचीही मुले खाडीत कयाक चालवायला जातात, म्हणून सांगते. पिशवी वरून रिकामी ठेवा, हवा दाबून काढा आणि तोंडाला किमान तीन घड्या घाला. शिवण टाक्यांची नको, वितळवून जोडलेली हवी. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेली पिशवी शिंतोडे अडवते, बुडाली तर उपयोग नाही. खांद्याचे पट्टे रुंद बघा. कोरडे कपडे आणि औषधे एकाच पिशवीत ठेवू नका. आणि घरीच आत जुने वर्तमानपत्र घालून ती दहा मिनिटे बादलीत दाबून धरा. कागद सगळे सांगतो.

सकाळी स्लीपिंग बॅग पाइनच्या दोन झाडांमध्ये दोरीवर टाकली. ती वाळेपर्यंत दुपार झाली. निघताना भाच्याने पिशवी माझ्या हातून काढून घेतली. "एक, दो, तीन," मोठ्याने मोजत त्याने तोंड गुंडाळले. मग माझ्याकडे पाहिले आणि चौथी घडीही घातली.