छप्पर गळतंय की दाराला कडीच नाही?

मंडळी, आमच्या धंद्यात बग आणि सिक्युरिटी होल या दोन गोष्टींची कायम गल्लत होते. जे डोळ्यांना खुपतं ते लोकांना भयंकर वाटतं, आणि जे खरंच भयंकर असतं ते बऱ्याचदा दिसतच नाही.

आमचं हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं. त्याच तालुक्यात, ताम्हिणीच्या वाटेवर, मित्राच्या काकांचं होमस्टे आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन. "अरे, साईट हॅक झाली! बुकिंगचं कॅलेंडरच गायब!" हॅक-बिक काही नव्हतं. बुकिंगचं प्लगइन अपडेट झालं आणि थीमशी त्याचं पटेना, इतकंच.

पण ते तपासताना भलतंच सापडलं. पावतीच्या लिंकमधला शेवटचा आकडा एकाने वाढवला की लॉगिन न करताच दुसऱ्या पाहुण्याची पावती समोर! नाव, मोबाईल नंबर, आधार कार्डाचा फोटोसुद्धा. एरर नाही, काही नाही. याची तक्रार कोण करणार?

काकांना म्हटलं, "कॅलेंडर म्हणजे गळकं छप्पर. पण इथे दाराला कडीच नाहीये." प्लगइन त्याच दिवशी बंद केलं, आधारचे फोटो सर्व्हरवरून काढले आणि प्लगइनवाल्यांना खाजगीत मेल टाकली. कॅलेंडर नंतर.

माझी कसोटी साधी आहे: हे कोणाला जमतंय, आणि त्याला तो अधिकार होता का? वर्डप्रेसच्या साध्या साईटवर अ‍ॅडमिनला पोस्टमध्ये स्क्रिप्ट टाकता येते. ते होल नव्हे, तो अधिकार त्याला दिलेलाच असतो. मालकाकडे किल्ली असणं म्हणजे चोरी नाही. पण तेच साध्या सबस्क्रायबरला जमलं तर मात्र पळा!

सप्टेंबर 2020 मधलं 'फाइल मॅनेजर' प्रकरण आठवा. सात लाखांहून जास्त साईट्सवर असलेलं प्लगइन. आतल्या लायब्ररीची एक नमुना फाइल चालू स्वरूपात राहून गेली, आणि कोणीही, लॉगिनशिवाय, आपला पीएचपी कोड चढवून चालवू शकत होतं. 6.9 आवृत्तीत ती फाइल काढली, पण तोवर हल्ले सुरू झाले होते. आणि गंमत म्हणजे प्लगइन आपलं रोजचं काम चोख करत होतं!

असो. बग सोमवारी बघितला तरी चालतो. कडी नसलेलं दार मात्र शनिवारी रात्री दिसलं तर शनिवारी रात्रीच बंद करायचं. आतला ऐवज आपला नसतो, पाहुण्यांचा असतो.