कपाटांतील उष्मा

नातवानें गेल्या वैशाखांत खेळांसाठीं घरींच एक संगणक जुळविला. त्यांतील चित्रें रचणारें ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचें, आरटीएक्स ४०९०, सन २०२२ मध्यें निघालेलें. पहिल्या नोकरीची शिल्लक बहुतेक त्यांतच गेली. पंख्यांची घरघर माझ्या वामकुक्षीच्या आड येई, म्हणून ती पेटी भिंतींतल्या कपाटांत ठेवून दारें लावावीं असें मींच फर्माविलें.

पुढें खेळ अडखळूं लागला. "पैसे पाण्यांत घातलेस," असें त्याचे वडील भरल्या पंक्तींत बोलले. पोरगा खालमानेनें जेवून उठला.

एके दुपारीं तो खेळत असतां मीं तें कपाट उघडलें, तों भट्टीची झळ आली. पडद्यावर आंकडा ८८ अंशांचा! हें कार्ड पूर्ण भारावर ४५० वॅट वीज घेतें व ती बहुतेक सारी उष्णताच होते. पुढचे पंखे गार हवा आंत घेणार, मागचे ऊन हवा बाहेर टाकणार. दारें बंद, म्हणून टाकलेलीच हवा फिरून आंत. ९० अंश जवळ येतांच कार्ड आत्मरक्षणार्थ आपली गति उतरवितें. धुरावांचूनही अग्नि असतो, याला तप्त लोहगोलाचें उदाहरण तर्कशास्त्र शिकतांना मीं घोकलें होतें. घरांतला लोहगोल कांहीं ओळखला नाहीं!

"तुला ठाऊक होतें ना रे?"

"आजोबा, तुमची झोंप मोडली असती."

पेटी बाहेर आली. त्यानें विजेची मर्यादाही ३५० वॅटांवर आणली. वेग फारसा घटला नाहीं, आंकडा मात्र ६८ च्या वर गेला नाहीं. रात्रीं पंक्तींतच मीं दोष पदरीं घेतला. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. जेवण झाल्यावर त्या खोलीच्या दारांत जाऊन उभे राहिले.