बेथ एलमधून क्नेसेतकडे

पनवेल तालुक्यातील तळोजा आज औद्योगिक वसाहत आणि मध्यवर्ती कारागृह यांमुळे ओळखला जात असला, तरी आधुनिक इस्रायलचा राजकीय इतिहास वाचण्यासाठी हिब्रू शिकू पाहणाऱ्या तेथील अभ्यासकाला पहिला धडा जवळच्या पनवेलमध्येच मिळू शकतो; कारण बेने इस्रायल, म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले मराठीभाषक ज्यू, यांनी १८४९ साली बांधलेले बेथ एल प्रार्थनामंदिर तेथे उभे आहे.

या समाजातील मुलाच्या कानावर हिब्रू प्रार्थना आधी पडे, मग ती त्याला मुखोद्गत होई आणि अर्थ मात्र मराठीतूनच उमगे. मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये छापले गेले आणि पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, तेव्हा ही वाट अधिक रुळली.

राजकीय शब्दही याच वाटेने शिकावेत. पुरीमच्या सणाला वाचल्या जाणाऱ्या एस्तेरच्या पुस्तकात आरंभीच अहश्वेरोश राजाची सत्ता ‘होदू’पासून कूशपर्यंतच्या १२७ ‘मदिनां’वर असल्याचे सांगितले आहे, त्यातला होदू म्हणजे हिंदुस्थान आणि मदिना म्हणजे सम्राटाच्या अमलाखालचा प्रांत. १४ मे १९४८ रोजी ‘मदिनत इस्राएल’ची घोषणा झाली, तेव्हा तोच शब्द सार्वभौम राज्याचे नाव झाला, आणि मांडलिकत्वापासून सार्वभौमत्वापर्यंतचा हा पल्ला कोणत्याही शब्दसूचीत सापडत नाही. प्रार्थनामंदिराला ‘बेत क्नेसेत’, म्हणजे एकत्र जमण्याचे घर, म्हणतात; संसदेचे ‘क्नेसेत’ हे नाव आणि तिची १२० ही सदस्यसंख्या मात्र परंपरेतील प्राचीन महासभेवरून घेतली गेली.

‘अलिया’ म्हणजे वर चढणे: तोरा, अर्थात मोशेचे पंचग्रंथ, वाचण्यासाठी व्यासपीठावर बोलावले जाण्याच्या मानाचा हा शब्द पुढे इस्रायलमध्ये जाऊन वसण्यालाही लागू झाला. कोकणातून तसे गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी व्हावी, असा आदेश १९६० नंतर तेथील धर्मपीठाने काढला, तेव्हा ज्या शब्दात मान होता त्याच शब्दाच्या वाटेवर अपमान वाट्याला आला. अलियाचा अर्थ केवळ स्थलांतर असा पाठ केलेल्याला त्या आदेशाविरुद्ध झालेल्या आंदोलनाची धार कळणे कठीण आहे. बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, असा ठराव ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने केला.