परक्या खाटेवर

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. सांगणारा गृहस्थ वसतिगृहात कधी राहिलेला नसावा. तिथे अंथरूण आपण पाहत नाही; तेच आपल्याला पाहून घेते! वसतिगृहातली खाट कोणा एकाच्या मापाची नसते. उंच-ठेंगणा, लठ्ठ-लुकडा, वकिलाचा मुलगा नि कुणब्याचा मुलगा, सर्वांना ती सारख्याच निर्विकारपणे जवळ घेते आणि सारख्याच निष्ठेने बोचते.

वडगाव निंबाळकरहून मी पुण्यास शिकायला गेलो तो १९६० साली. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघायला अजून दोन वर्षे होती. तेव्हा आमच्या भागातल्या मुलाला कॉलेजात जायचे तर घर सोडणे आलेच. घरी आम्ही सारे जमिनीवर निजत असू. खाली पोते, त्यावर घोंगडी आणि अंगावर वाकळ. त्यामुळे खाटेवर निजण्याचा योग प्रथमच येत होता. झोपेत खाली पडू की काय, या भीतीने पहिली रात्र मी भिंतीला पाठ लावून जागून काढली.

पुढे त्या खाटेशी जमवून घेण्याची विद्या हळूहळू साधली. खाटेला लोखंडी पट्ट्या होत्या. त्यांवर नुसती गादी टाकली की कापूस फटींत उतरतो आणि पट्टी न् पट्टी पाठीला मोजता येते. म्हणून मध्ये घोंगडी हवी. कापसाला पावसाळी हवेतला ओलावा भारी प्रिय. तो पिऊन कापूस दबतो आणि त्याच्या गाठी होतात. गादी उन्हात टाकली म्हणजे ओलावा उडतो, तंतूंमध्ये हवा शिरते आणि गादी पुन्हा अंग धरते. त्यानेही भागेनासे झाले की पिंजाऱ्याला हाक मारावी. त्याच्या धनुकलीची तार झणाणू लागली की जुना कापूससुद्धा पोरासारखा उडू लागतो. राहता राहिले ढेकूण. त्यांचा मुक्काम सांध्यांत. त्यांवर आम्ही आधणाचे पाणी ओतत असू, खाटेचे चारही पाय रॉकेल घातलेल्या डब्यांत ठेवीत असू आणि खाट भिंतीपासून वीतभर दूर सरकवीत असू. मात्र मग पाठ लावायला भिंत उरत नसे!

एवढे करूनही मला खरी झोप लागली ती वाकळेत. जुनी लुगडी एकावर एक पसरायची आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जायचे. थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते, हे मी पुढे पदार्थविज्ञानात शिकलो. आक्काला ते न शिकताच येत होते.

आक्का माझी थोरली बहीण. माझे पाढे तिनेच पाठ करून घेतले. चौथीनंतर तिची शाळा सुटली. घरात एकाच्याच शिक्षणापुरता पैसा होता, आणि तो एक कोण, हा प्रश्न कोणी काढलासुद्धा नाही. दिवसभर उसात खुरपून आल्यावर रात्री चिमणीच्या उजेडात तिने माझी वाकळ शिवली. तिच्या एका कोपऱ्यात निळ्या परकराचा तुकडा होता. आक्का शाळेत जाताना नेसत असे तो.

साताऱ्यास १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मला वाटते, आपल्याकडच्या प्रत्येक वसतिगृहातल्या खाटेला चार पायांखेरीज एक पाचवा पाय असतो. तो दिसत नाही, पण सारा भार त्याच्यावर असतो.

यंदा माझी नात पुण्याच्या एका वसतिगृहात राहायला गेली. तिची गादी फोमची. तिला पिंजारी नको की ऊन नको. पंच्याऐंशी उलटलेल्या आक्काने जपून ठेवलेली एक वाकळ तिच्यापुढे धरली.

“आक्काआजी, केवढी जड आहे ही!”

“जड असू दे की. रातच्याला अंगावर कुणी हात ठिवल्यागत वाटतंय.”

पोहोचवायला येण्याचा हट्ट आक्काने धरला. पहिल्या दिवशी आप्तांना खोलीपर्यंत जाऊ देतात. जिना चढताना ती तीनदा थांबली. खोलीत टेबल, त्यावर दिवा, पुस्तकांची फळी आणि खिडकीलगत खाट. आक्काने टेबलावरून हात फिरवला. मग खाटेच्या काठावर बसून गादी दाबून पाहिली.

“जरा पडू का ग?” तिने विचारले.

नातीने वाकळ तिच्या अंगावर घातली. आक्का भिंतीकडे तोंड करून निजली आणि पाहता पाहता तिचा डोळा लागला. नात चटकन उठून पंखा हळू करायला गेली.

पाहुण्यांची वेळ संपल्याचे सांगायला वॉर्डनबाई दाराशी आल्या. मी ओठांवर बोट ठेवले. त्यांनी खाटेकडे पाहिले आणि दार अलगद लोटून घेतले.