थंड पास्ता आणि इफ्तारपूर्वीचा अर्धा तास

रमजानमध्ये घरातल्या बाईची सर्वांत जास्त धावपळ कधी होते, असे विचाराल तर मी असरनंतरचा वेळ सांगेन. भजी गरम हवीत, समोसे गरम हवेत. सगळे दस्तरखानावर आणि कढईपाशी ती एकटी. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, कित्येक वर्षे ओट्याजवळ उभ्यानेच खजूर तोंडात टाकून रोजा सोडला. शाळेतून आल्यावर मीही त्यांच्या शेजारी उभी राहू लागले.

मुलीने पास्ता सॅलडचा हट्ट धरला, तेव्हा मला त्याचा एकच गुण भावला. ते थंडच खायचे असते. दुपारीच करून ठेवता येते.

अम्मींची शंका रास्त होती. "घरच्या मेयोनीजमध्ये कच्चं अंडं घालतात ना? या उन्हाळ्यात?" म्हणून आम्ही चक्का घेतला. अर्धा किलो घट्ट दही मलमलच्या कापडात बांधून दोन-तीन तास फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवले. मग त्यात दोन चमचे तेल, एका लिंबाचा रस, लसणाची एक पाकळी वाटून, थोडी वाटलेली मोहरी, मिरपूड, मीठ आणि चिमूटभर साखर घालून फेटले.

२५० ग्रॅम पास्त्याला अडीच लिटर पाणी आणि दोन-तीन छोटे चमचे मीठ. पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर जास्त शिजवायचा, कारण थंड झाल्यावर तो कडक होतो. मग गार पाण्याने धुऊन पूर्ण निथळायचा. काकडीला मीठ लावून पिळून घ्यायची, नाहीतर सॅलडला पाणी सुटते. सोबत कांदा, सिमला मिरची, उकडलेले मक्याचे दाणे. असेल तर उकडलेले चिकन. चक्क्याचे एक तृतीयांश मिश्रण वाढताना घालायला राखून ठेवायचे, कारण पास्ता ते शोषून घेतो.

अम्मींनी पास्ता बोटांत धरून पाहिला. "ही तर आपल्या शेवयांची बहीण!" नाते खरेच जवळचे आहे. इटलीचा वाळवलेला पास्ता ज्या कठीण गव्हाचा करतात, त्याच जातीचा आपला बन्सी गहू.

त्या दिवशी अजानपूर्वी अर्धा तास गॅस बंद होता. अम्मी दस्तरखानावर बसल्या, दुआसाठी हात उचलले. नंतर सॅलड चाखून म्हणाल्या, "जरा आंबट आहे," आणि पुन्हा वाढून घेतले.

भजी सोडा, असे मी म्हणत नाही. पण रोज निदान एक पदार्थ जोहरनंतर करून ठेवता येईल असा निवडा. कढईपाशी उभ्या असलेल्या बाईचाही रोजा असतो. तिची जागाही दस्तरखानावरच आहे.

आणि हो, हे सॅलड उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उरलेले लगेच फ्रिजमध्ये ठेवले तर सहरीला चालते.