मागचा चाप

बंदूक विकायची तर आधी ती नीट पुसावी लागते, आणि पुसायला बसलं की विकायचं मन उरत नाही. म्हणून ते काम मी सलग तीन रविवार टाळलं. चौथ्या रविवारी बायको म्हणाली, "पुसायची नसेल तर तशीच द्या. घेणारा काही मुलगी बघायला येत नाहीये."

तो आला तेव्हा अगदी तस्साच बसला. खुर्चीच्या कडेवर, चहा न पिता, नजर कोपऱ्यातल्या कपाटावर.

माझ्याकडे तीन होत्या. आजोबांची ठासणीची, वडिलांची बर्मिंगहॅमची दोननळी वेब्ली अँड स्कॉट, आणि मी स्वतः घेतलेली इशापूरच्या सरकारी कारखान्याची एकनळी. याला संग्रह म्हणणं म्हणजे तीन आंब्यांना बाग म्हणण्यासारखं आहे. पण परवान्याच्या पुस्तकात तीन ओळी होत्या आणि देवरुखात तेवढ्यानं माणसाला नाव मिळतं. बँकेत सहीला गेलो तरी कुणीतरी विचारायचं, "काय, बंदुका काय म्हणतायत?"

तीनाचा आकडा आमच्या हौसेतून आला नव्हता. 1983 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन अशी मर्यादा आली. डिसेंबर 2019 मध्ये तिचे दोन झाले. जास्तीचं शस्त्र वर्षाच्या आत पोलिसांकडे किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा, असा हुकूम होता. ते वर्ष म्हणजे नेमकं 2020, लोक घराबाहेर पडत नव्हते ते. मी सप्टेंबरात मुखपट्टी लावून, ठासणीची बंदूक चादरीत गुंडाळून, आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. नाक्यावर पोलिसानं चादरीत काय आहे ते विचारलं. सांगितलं. त्यानं परवाना बघितला, मग बंदूक बघितली आणि म्हणाला, "ही उडते?"

उडायची. चांगली उडायची. ठासणीच्या बंदुकीला आजचे लोक हसतात, पण आपल्या कायद्यात आजही तिचं नाव घेऊन वेगळा उल्लेख आहे: खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. शिकारीची नाही, रुबाबाची नाही, शेताची. आजोबांनी ती मांडवातल्या खांबाला टांगलेली असायची. आधी दारू, मग नारळाचा काथ्या, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा काथ्या, आणि शेवटी निपलवर तांब्याची टोपी. हा क्रम चुकला तर बंदूक उडत नाही, आणि दारू दोनदा पडली तर उडते ती तुमच्या तोंडाकडे. आजोबा ठासताना कुणाशीही बोलत नसत. आजीनं हाक मारली तरी नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "मोजतोय." काय मोजत होते ते बऱ्याच वर्षांनी कळलं. गज नळीत किती उतरला ते. त्यांनी गजावर चाकूनं दोन खाचा पाडल्या होत्या: एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची.

बार काढल्यावर ती धुवावी लागे, तीही पाण्यानं. हे ऐकून तेल घालणारे लोक दचकतात. पण काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळली की नळीत मिठासारखी राख राहते आणि ती हवेतला ओलावा ओढते. तिच्यावर तेल फासलं तर तेलाखाली गंज चढतो. आधी उकळतं पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. आजीचा न्हाणीतला हंडा त्या दिवशी बंदुकीसाठी तापायचा आणि आम्हा पोरांची आंघोळ दुपारवर जायची. कोल्हापूरच्या दुकानात मी हे सगळं त्या माणसाला सांगत बसलो. तो भला होता, त्यानं ऐकून घेतलं. पावती लिहिताना मात्र त्यानं "एक ठासणी, जुनी" एवढंच लिहिलं.

ऑस्ट्रेलियात 1996 साली पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर सरकारनं लोकांकडून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या, पण त्याची रीतसर किंमत मोजली. भाचा तिकडे असतो, त्यानं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे पावती मिळते. असो. तक्रार करण्यात अर्थ नाही. तिसरी बंदूक मला नकोच होती, फक्त ती कुठली हे मला ठरवायचं होतं, आणि तेवढं मी ठरवलं.

दोननळीची गोष्ट वेगळी. ती कायद्यानं गेली नाही. ती डोळ्यानं गेली.

छर्र्याची बंदूक रायफलीसारखी नेमत नाहीत. दोन्ही डोळे उघडे ठेवून ती नुसती दाखवायची असते, बोटानं दाखवावी तशी. म्हणून तिचं सगळं काम मालक डोळ्यावर चालतं. दूरच्या वस्तूवर अंगठा धरा आणि एकेक डोळा मिटून बघा. ज्या डोळ्याला अंगठा वस्तूवरून हलत नाही, तो मालक. माझा जन्मभर उजवा होता. मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या, सगळं लख्ख दिसू लागलं, वर्तमानपत्रातले भाव दिसू लागले. मग एका सकाळी मळ्यातल्या विहिरीपाशी डालड्याचा डबा ठेवून बार काढला तर डबा जागचा हलला नाही. दुसरा काढला. तोही डावीकडे. रहाटाच्या खांबावर अंगठा धरून बघितला तेव्हा कळलं की मालकानं घर बदललंय. आता डावा बघत होता आणि उजवा खांदा बिचारा जुन्या मालकाच्या हुकमावर चालत होता.

या वयात डाव्या खांद्यावर बंदूक घ्यायला शिकता येत नाही असं नाही. पण ती बंदूक उजव्या खांद्यासाठी घडवलेली आहे. चांगल्या दोननळीचा दस्ता सरळ नसतो, किंचित बाहेर कललेला असतो, नेमबाजाच्या गालाला जागा मिळावी म्हणून. तीन-चार मिलिमीटर असेल. हात फिरवला तर कळत नाही, खांद्याला लावली की कळतं. माझ्या वडिलांनी 1950च्या दशकात ती मुंबईहून घेतली तेव्हा त्यांच्या हाताला लांब होत होती, म्हणून मागून पाऊण इंच कापून घेतली. पुढे मला तो कापलेला पाऊण इंच सतत जाणवायचा. म्हणजे ती आधी कुणा अनोळखी इंग्रजाच्या मापाची होती, मग वडिलांच्या, आणि मी तीस वर्षं वडिलांचा सदरा घालून वावरलो.

वडिलांची शिकार 1972च्या कायद्यानं संपली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याआधीच्या हाक्यांना गेलो होतो, भेकराचे वाटे पडताना बघितले होते, पण खरं सांगायचं तर मला त्यात फार रस नव्हता. मला आवडायची ती नंतरची संध्याकाळ. ओटीवर कंदील, बंदूक तीन तुकड्यांत: नळ्या, पुढचं लाकूड, दस्ता. वडील सतरंजीवर मांडी घालून पुसत आणि मी चिंध्या कापून देई. बंदूक माझ्या हातात खऱ्या अर्थानं आली ती शिकार संपल्यावर, त्यामुळे मला तिचं पुसणंच जास्त ठाऊक. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. चामड्याची पिशवी कितीही देखणी असली तरी तिच्यात बंदूक ठेवायची नाही, चामडं पाणी धरतं. कपाटात उभी करायची ती नळ्या खाली, दस्ता वर. बंदूक सरळ उभी ठेवली तर नळीतलं तेल वर्षानुवर्षं झिरपत खाली येतं, दस्त्याच्या गळ्याशी अक्रोडाचं लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं, आणि एके दिवशी झटक्यानं तडकतं. हे वडिलांनी सांगितलं नाही. एका निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा केली होती, ती पावसाळ्याच्या तोंडावर परत मिळाली तेव्हा उजव्या नळीत मिरीएवढे चार डाग होते. ते घालवायच्या खटपटीत मी पुस्तकं वाचली, आणि पुस्तकांत हे सगळं होतं. डाग गेले नाहीत.

मुलाला विचारलं. तो पुण्यात असतो. "बाबा, मला ते पुस्तक सांभाळायचं नाही," एवढंच म्हणाला. बंदुकीला नाही म्हणाला नाही, परवान्याच्या पुस्तकाला म्हणाला. त्याचं बरोबर आहे. बंदूक आपली नसतेच, आपलं असतं ते पुस्तक. परवानाधारक गेला की घरच्यांनी शस्त्र जमा करायचं, मग वारसाचा अर्ज, पोलिसांचा अहवाल, रत्नागिरीच्या फेऱ्या. माझ्या दहाव्या-बाराव्याच्या धावपळीत त्यानं बंदूक घेऊन ठाण्यात जावं हे मला नको होतं.

कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्यानं चांगला भाव सांगितला होता. 1980च्या दशकात बाहेरून बंदुका आणणं जवळपास बंद झालं, तेव्हापासून इंग्लिश मालाला मागणी आहे. भाव किती ते सांगत नाही, बायको वाचते. पण त्यानं ती हातात घेतली, ठसे बघितले, आणि खांद्याला न लावताच टेबलावर ठेवली. मी ती परत आणली.

घ्यायला आलेला हा मुलगा खालच्या वाडीतला. मुंबईहून टाळेबंदीत आला तो परत गेला नाही. काजू लावलेत, थोडं भात. रानडुकरांनी गेल्या साली एका रात्रीत अर्धं शेत नांगरलं. त्याच्याकडे परवाना होता, बंदूक घ्यायची मुदत संपत आली होती. मी त्याला आधीच सांगितलं की डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि माकडांसाठी हवेत बार काढला तर ती शेजारच्या बागेत जातात, शेजाऱ्यानं काढला की परत येतात. तो हसला. "काका, निदान माझी पाळी आली की मी जागा असेन."

नळ्या काढून त्याच्या हातात दिल्या. त्यानं दुर्बिणीसारख्या डोळ्याला लावल्या आणि "चकचकीत आहेत" म्हणाला. सगळे असंच म्हणतात. मी म्हटलं, खिडकीच्या चौकटीकडे धर आणि चकाकी बघू नकोस, वलयं बघ. नळीत उजेडाची एकात एक वलयं दिसतात. ती पूर्ण गोल असतील तर नळी सरळ. एखादं वलय चेपल्यासारखं दिसलं तर तिथं पोचा आहे. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "उजवीत काहीतरी काळं आहे." मिरीचे चार दाणे. सापडले त्याला. मग नळ्या बोटाला टांगून नखानं टिचकी मारायला लावली. घंटेसारखा नाद आला आणि हळूहळू विरला. दोन नळ्यांमधली पट्टी कुठं सुटलेली असती तर फुटक्या मडक्यासारखा आवाज आला असता. त्यानं पुन्हा टिचकी मारली. तिसऱ्यांदा आतून बायको बाहेर आली.

खालच्या अंगाला ठसे आहेत. बर्मिंगहॅमच्या तपासणी घराचे, आणि काडतुसाच्या घराची लांबी अडीच इंच. हे मी त्याला दोनदा वाचायला लावलं. हल्लीची पुष्कळ काडतुसं पावणेतीन इंची असतात. ती या घरात बसतात, आणि तिथंच माणूस फसतो. काडतुसाचं छापलेलं माप उडाल्यानंतरचं असतं. तोंड दुमडलेलं असताना ते आखूड असतं, उडताना उलगडतं, आणि उलगडायला पुढं जागाच नसते. आत बसलं म्हणजे चालतं असं नाही. डब्यावरची लांबी वाचल्याशिवाय घ्यायचं नाही. "आणि मागचा चाप जड आहे," मी म्हटलं.

दोननळीला दोन चाप. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डावीचा. वडील एकदा ओढ्यात घसरले, बंदूक पाण्यात गेली, आत गाळ शिरला. गावातल्या लोहारानं ती उघडली, मागच्या चापाची झिजलेली कमान काढून घड्याळाच्या कमानीतून नवी बनवून घातली. इतकी घट्ट की बोट पांढरं पडतं. पुढं मुंबईत कुणी ती बदलून देतो म्हणाला तर वडील नको म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की पहिला बार रागाचा असतो, दुसऱ्याला विचार करायला वेळ मिळाला पाहिजे. मला वाटतं त्यांना लोहाराचे पैसे वाया गेल्यासारखे वाटले असते.

विकायचा इरादा आणि घेणाऱ्याचं नावपत्ता लेखी कळवायचा आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं, असा नियम आहे. ते दिवस बरे गेले. मी तिला तीनदा पुसली. रत्नागिरीत नोंद झाली, कारकुनानं पट्टी धरून माझ्या पुस्तकातली ओळ लाल शाईनं कापली. पट्टी न धरता कापली असती तर मला राग आला असता. कपाटात आता इशापूरची एकनळी आहे, नळी खाली, दस्ता वर. तिला एकच चाप आणि तो हलका. तीही डावीकडेच मारते.

जुलैत एका रात्री साडेअकराला फोन आला. बाहेर धो धो पाऊस. मला वाटलं, काहीतरी झालं.

"काका, झोपला होतात?"

"नाही. बोल."

"मागचा चाप खरंच जड आहे हो. रत्नागिरीला एक जण करून देतो म्हणतोय."

मी विचारलं, बंदूक कुठं आहे. म्हणाला, कपाटात, नळ्या खाली. विचारलं, डुक्कर आलं होतं का. म्हणाला, आलं होतं, पहिला बार वर काढला, दुसऱ्याला बोट लावलं आणि ओढेपर्यंत ते बांध उतरून गेलं होतं.

"मग राहू दे तसाच," मी म्हटलं.